पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतील तारीख-पार्सिंगचे बग कसे दुरुस्त करावेत

मजकुराच्या रूपात आलेली तारीख वाचण्यासाठी पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत दोन मुख्य फंक्शने आहेत. ‘स्ट्रपटाइम’ला मजकुराबरोबर त्याचा साचा, म्हणजे फॉरमॅट स्ट्रिंग, द्यावी लागते. ‘फ्रॉमआयएसओफॉरमॅट’ला साचा लागत नाही, कारण ते आयएसओ ८६०१ या मानकातल्या, २०२४-०२-२९ अशा धाटणीच्याच तारखा वाचते. ही फंक्शने जगभर वापरात असल्यामुळे त्यांतला एखादा बग सापडला की रेग्युलर एक्स्प्रेशन बदलून मोकळे होण्याचा मोह आवरावा लागतो. कोडची ओळ बदलणे येथे सहसा सोपे असते. काय बरोबर मानायचे हे ठरवण्यात आणि लोकांचा आजवर चाललेला कोड न मोडता ते अमलात आणण्यात खरे श्रम जातात. ज्यांना पायथन चांगली येते, पण ज्यांनी सीपायथनच्या, म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या प्रमाण पायथनच्या, मूळ कोडमध्ये अजून हात घातलेला नाही, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

तक्रार आधी तपासावी

कोड उघडण्यापूर्वी डॉक्युमेंटेशन उघडावे. तेथे जे वचन दिले आहे ते कोड पाळत नसेल, तर तो बग आहे. डॉक्युमेंटेशन गप्प असेल, तर चर्चा करावी लागते. आणि डॉक्युमेंटेशनमध्ये नेमके उलटे लिहिले असेल, तर ती नव्या सुविधेची मागणी ठरते. तिचा मार्ग वेगळा असतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, शेवटी येणारे ‘झेड’ हे अक्षर. ‘फ्रॉमआयएसओफॉरमॅट’ ३.७ आवृत्तीत आले आणि ३.१० पर्यंत ते ‘झेड’ स्वीकारत नसे. जावास्क्रिप्टकडून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वेळेच्या शेवटी ‘झेड’ असल्यामुळे अनेकांना हा ढळढळीत बग वाटे. परंतु त्या फंक्शनचे वचन एवढेच होते की ‘आयएसओफॉरमॅट’ने जे लिहिले ते परत वाचता येईल, आणि ‘आयएसओफॉरमॅट’ ‘झेड’ लिहीतच नाही. त्यामुळे ३.११ मध्ये फंक्शनचा आवाका वाढवून बहुतेक आयएसओ रूपे स्वीकारली गेली ती नवी सुविधा म्हणून, जुन्या आवृत्त्यांत दुरुस्ती म्हणून नव्हे.

आपल्याकडे वारंवार भेटणारी दुसरी तक्रार ‘आयएसटी’ची आहे. पुण्यातल्या लॅपटॉपवर ‘आयएसटी’ असलेला लॉग व्यवस्थित वाचला जातो आणि तोच कोड यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर गेला की साचा जुळत नसल्याची व्हॅल्यूएरर येते. कारण असे, की टाइमझोनच्या नावासाठी असलेले चिन्ह, म्हणजे टक्केचिन्हापुढचा मोठा झेड, फक्त ‘यूटीसी’, ‘जीएमटी’ आणि त्या मशीनच्या स्वतःच्या टाइमझोनची नावे एवढीच ओळखते. शिवाय नाव ओळखले तरी मिळणाऱ्या डेटटाइममध्ये टाइमझोन नसतोच. साडेपाच तासांचा फरक निमूटपणे गळून जातो. हे वर्तन डॉक्युमेंटेशनमध्ये नमूद आहे, आणि भारताखेरीज आयर्लंड व इस्राएलही ‘आयएसटी’ हेच संक्षिप्त रूप वापरत असल्यामुळे लायब्ररीने अंदाजाने एक अर्थ निवडणे धोक्याचे आहे. येथे पॅच पाठवण्याऐवजी लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला +०५:३० असा अंकी फरक लिहायला लावणे हाच योग्य उपाय होय. अंकी फरकाचे चिन्ह, म्हणजे टक्केचिन्हापुढचा लहान झेड, ३.७ पासून मधला अपूर्णविराम आणि ‘झेड’ अक्षर दोन्ही स्वीकारते.

बग पुन्हा घडवून आणणे

बग खरा आहे असे ठरले, की तो एका ओळीत पुन्हा घडवून दाखवावा. त्या ओळीबरोबर पायथनची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, टाइमझोन आणि लोकेल (भाषा व प्रदेशाची सेटिंग) या चारही गोष्टी लिहाव्यात, कारण तारखेचा बग यांपैकी कशातही दडलेला असू शकतो. लोकेलच्या बाबतीत एक खाच ध्यानात ठेवावी. पायथन सुरू होताना वातावरणातून केवळ अक्षरसंचाची लोकेल उचलते, तारखांची नाही. त्यामुळे टर्मिनलमध्ये मराठी लोकेल लावून ठेवली तरी प्रोग्रॅमने स्वतः ‘सेटलोकेल’ला हाक मारेपर्यंत महिन्यांची नावे इंग्रजीच राहतात. ‘माझ्याकडे बग दिसत नाही’ असे रिव्ह्यू करणारा म्हणतो, तेव्हा पुष्कळदा हीच ओळ राहून गेलेली असते.

यानंतर सीपायथनचा कोड क्लोन करून डीबग बिल्ड तयार करावे आणि बग मुख्य ब्रँचवर अजून जिवंत आहे का ते पाहावे. जुन्या आवृत्तीत नसलेला बग नव्या आवृत्तीत आला असेल, तर ‘गिट बायसेक्ट’ने तो कोणत्या कमिटबरोबर आला हे शोधता येते, ते कमिट सापडले की त्यामागची चर्चाही सापडते, आणि त्या चर्चेत बहुधा आपल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे असतात.

कोड कुठे आहे

‘स्ट्रपटाइम’ हे नाव सी भाषेतून आले असले, तरी २००३ मधल्या २.३ आवृत्तीपासून पायथन त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीवर विसंबत नाही. लायब्ररी फोल्डरमधील ‘अंडरस्कोर स्ट्रपटाइम’ या शुद्ध पायथन फाइलमध्ये सगळे काम होते, आणि ‘टाइम’ व ‘डेटटाइम’ ही दोन्ही मॉड्यूले तिथेच येऊन मिळतात. या फाइलमध्ये ‘टाइमआरई’ नावाचा क्लास आहे. प्रत्येक चिन्हासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनचा एकेक तुकडा त्यात डिक्शनरीत ठेवलेला असतो. आपण दिलेला साचा या तुकड्यांनी भरला जातो, तयार झालेले एक्स्प्रेशन मजकुराशी जुळवले जाते आणि मग एका लांबलचक लूपमध्ये वर्ष, महिना, दिवस वेगळे काढले जातात.

त्याच फाइलमधील ‘लोकेलटाइम’ हा क्लास वाचण्यासारखा आहे. एखाद्या भाषेत तारीख कोणत्या क्रमाने लिहितात हे सिस्टिमला थेट विचारण्याची सर्वत्र चालेल अशी सोय नाही. म्हणून हा क्लास एक ठरावीक क्षण, १७ मार्च १९९९, बुधवार, रात्रीचे १० वाजून ४४ मिनिटे ५५ सेकंद, त्या लोकेलमध्ये छापून घेतो आणि छापलेल्या मजकुरात १७ कुठे आला, ४४ कुठे आला, हे पाहून साचा उलटा शोधून काढतो. हा क्षण अशा बेताने निवडला आहे की त्यातले आकडे एकमेकांत मिसळू नयेत. युक्ती सुरेख आहे, पण तिच्या मर्यादाही तिथेच दिसतात. फ्रेंचमध्ये मार्च महिन्याचे पूर्ण नाव आणि संक्षिप्त नाव एकच असल्यामुळे छापलेले रूप कोणते हे त्या एका तारखेवरून कळत नाही, आणि जी लोकेल आकडे स्वतःच्या लिपीत छापते तिच्यात १७ हा इंग्रजी अंकांत शोधला तर सापडणारच नाही. लोकेलशी निगडित बग हाती घेतला असेल, तर आधी ही छापील तारीख डोळ्यांनी पाहावी. कारण बहुधा तिथेच उघडे पडते.

तयार एक्स्प्रेशने कॅशमध्ये ठेवली जातात, आणि लोकेल किंवा टाइमझोन बदलला की ती कॅश रिकामी केली जाते. आपल्या दुरुस्तीमुळे पार्सिंग बाहेरच्या आणखी कशावर अवलंबून राहू लागले, तर कॅश रिकामी करण्याची अटही वाढवावी लागेल. नाहीतर टेस्ट एकेकट्या पास होतील आणि एकत्र चालवल्या की पडतील.

‘फ्रॉमआयएसओफॉरमॅट’ची गोष्ट निराळी आहे. त्याचे दोन अवतार आहेत: एक सी भाषेत, ‘अंडरस्कोर डेटटाइम मॉड्यूल’ या फाइलमध्ये, आणि दुसरा शुद्ध पायथनमध्ये, ३.१२ पासून ‘अंडरस्कोर पाय-डेटटाइम’ या फाइलमध्ये. रोजच्या वापरात सी-अवतार चालतो, त्यामुळे फक्त तोच दुरुस्त करून थांबण्याची चूक सहज होते. दोन्ही अवतार एकाच मजकुराला एकच उत्तर देतील, आणि नकार द्यायचा असेल तर दोघेही व्हॅल्यूएरर देऊनच नाकारतील, हे बंधन पाळावे लागते. पायथन-अवतारात ‘असर्ट’वर भिस्त ठेवलेली दिसली तर सावध व्हावे, कारण ऑप्टिमाइझ करून चालवलेल्या पायथनमध्ये असर्ट गायबच होतात.

२९ फेब्रुवारीचे प्रकरण

दुरुस्ती करणे किती नाजूक असते हे कळण्यासाठी एक प्रकरण मुळापासून पाहावे. समजा, साच्यात फक्त महिना आणि दिवस आहे, वर्ष नाही, आणि मजकूर आहे ०२-२९. ‘टाइम’ मॉड्यूलचे ‘स्ट्रपटाइम’ हा मजकूर बिनतक्रार वाचते. ‘डेटटाइम’चे ‘स्ट्रपटाइम’ मात्र महिन्यात एवढे दिवस नसल्याची व्हॅल्यूएरर देते. दोघांच्या मागे तेच एक फंक्शन आहे, मग उत्तर वेगळे का?

वर्ष दिलेले नसेल तर हे फंक्शन १९०० धरते, आणि १९०० हे लीप वर्ष नव्हते, कारण शतकाचे वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप ठरते. ही अडचण आधीच लक्षात आलेली होती. म्हणून कोडमध्ये खास तजवीज आहे: वर्ष नाही, महिना दुसरा आणि दिवस २९ असेल, तर तात्पुरते १९०४ धरायचे, त्यावरून वार आणि वर्षातला कितवा दिवस हे काढायचे, आणि शेवटी वर्ष पुन्हा १९०० करून परत द्यायचे. ‘टाइम’ मॉड्यूलला परत मिळतो तो नुसता आकड्यांचा संच. त्यात २९ फेब्रुवारी १९०० ही अस्तित्वात नसलेली तारीख खुशाल बसते. ‘डेटटाइम’ मात्र त्याच आकड्यांतून खरी तारीख उभी करू पाहते आणि अडखळते.

आता दुरुस्ती सुचवून पाहावी. १९०० ऐवजी १९०४ किंवा २००० हे गृहीत वर्ष केले, तर बग जाईल. पण १०:३० असा नुसता वेळ वाचून तो १ जानेवारी १९०० चा आहे असे धरणारा, त्यातून दुसरी तारीख वजा करणारा, किंवा वर्ष १९०० दिसले की ‘वर्ष दिले नव्हते’ असा अर्थ लावणारा कोड जगात किती असेल याची गणती नाही. चालू वर्ष धरले तर तोच प्रोग्रॅम ३१ डिसेंबरला एक उत्तर देईल आणि १ जानेवारीला दुसरे, आणि लीप नसलेल्या वर्षात २९ फेब्रुवारी पुन्हा पडेल. केवळ २९ फेब्रुवारीलाच १९०४ परत द्यावे, तर वर्षभरातल्या ३६५ तारखा एका वर्षातल्या आणि एक दुसऱ्याच वर्षातली अशी विचित्र अवस्था होते, आणि त्यांची क्रमवारी लावणारा कोड चुकीची उत्तरे देऊ लागतो.

म्हणून पायथनमध्ये येथे उत्तर बदलले गेले नाही. ३.१३ पासून, साच्यात महिन्याचा दिवस आहे पण वर्ष नाही असे आढळले, की डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे हे वर्तन पुढे बदलू शकते अशी सूचना, मिळते, मग मजकूर कोणत्याही तारखेचा असो. यातली खुबी या शेवटच्या शब्दांत आहे. वॉर्निंग फक्त २९ फेब्रुवारीला दिली असती, तर ती चार वर्षांतून एकदा, तेही प्रोग्रॅम पडत असतानाच दिसली असती. आपल्या कोडपुरता उपाय म्हणजे मजकुराला आणि साच्याला एखादे लीप वर्ष स्वतःच जोडून वाचणे, आणि नंतर हवे ते वर्ष लावणे. मला हा निर्णय योग्य वाटतो, जरी तो पहिल्या नजरेत पळवाटेसारखा दिसतो.

सामाईक फंक्शन आणि वेगळ्या मर्यादांचे दोन ग्राहक, हा प्रकार सेकंदांतही आहे: ‘टाइम’साठी ६० आणि ६१ हे सेकंद चालतात, ‘डेटटाइम’ला ५९ च्या पुढे चालत नाही. अशा जागी हात घालताना दोन्ही ग्राहकांच्या टेस्ट चालवाव्यात.

अंकांचे दोन सापळे

पहिला सापळा ढिलेपणाचा आहे. दिवस आणि महिना यांचे तुकडे एक अंकीही चालतात, म्हणून मध्ये विभाजक नसलेल्या वर्ष-महिना-दिवस अशा साच्याला २०२४१११ हा सात अंकी मजकूर चालून जातो. त्याचा अर्थ १ नोव्हेंबर की ११ जानेवारी? रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये दोन अंकी महिन्याचा पर्याय आधी लिहिलेला असल्यामुळे उत्तर १ नोव्हेंबर मिळते. हा ढिलेपणा बंद करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, पण ०१ ऐवजी १ लिहिणाऱ्या असंख्य फाइली वाचणारा कोड त्यावर उभा आहे. सर्वसाधारण मजकुरासाठी ढिलेपणा ठेवून, विभाजक नसलेल्या साच्यांपुरती सक्ती सुचवता येईल. तसे सुचवायचे असेल तर आधी चर्चा, मग कोड.

दुसरा सापळा मराठी वाचकाला अधिक ओळखीचा वाटेल. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘कोणताही अंक’ या चिन्हात देवनागरी अंकही येतात, आणि देवनागरी अंकांची स्ट्रिंग ‘इंट’ला दिली तर तो ती आनंदाने आकड्यात बदलतो. ३.१२ मधील तुकडे पाहिले तर चार अंकी वर्षासाठी चारही जागी हेच चिन्ह आहे, तर महिन्यासाठी इंग्रजी शून्य ते नऊ हे अंक थेट लिहिलेले आहेत. परिणामी दिवस-महिना इंग्रजी अंकांत आणि वर्ष देवनागरीत लिहिलेली तारीख वाचली जाते, आणि पूर्ण देवनागरीत लिहिलेली नाकारली जाते. मिनिटांत एकटा देवनागरी पाच चालतो, पण देवनागरी तीस चालत नाही, कारण दशकाच्या जागी इंग्रजी शून्य ते पाचच अपेक्षित आहेत. असा अर्धवट स्वीकार कोणाच्याच उपयोगाचा नाही. पूर्ण आधार द्यायचा की पूर्ण नकार, हे एकदा ठरवून सर्व तुकड्यांना सारखाच नियम लावावा. माझा कल नकाराकडे आहे. देवनागरी तारखा वाचायच्या असतील तर आधी स्ट्रिंगमधले अंक ‘ट्रान्सलेट’ने बदलून घेणे सोपे आहे आणि वाचणाऱ्यालाही ते स्पष्ट दिसते.

टेस्ट आधी, दुरुस्ती नंतर

दुरुस्तीच्या आधी पडणारी टेस्ट लिहावी आणि ती खरोखर पडते हे पाहावे. ‘स्ट्रपटाइम’च्या टेस्ट त्याच नावाच्या टेस्ट फाइलमध्ये आहेत. ‘डेटटाइम’च्या ‘डेटटाइमटेस्टर’ या फाइलमध्ये आहेत, आणि ती फाइल सी-अवतार व पायथन-अवतार अशा दोघांवरही चालवली जाते, त्यामुळे तिथे लिहिलेली टेस्ट दोन्हींना लागू होते. आजच्या तारखेवर अवलंबून असणारी टेस्ट लिहू नये. लोकेल किंवा टाइमझोन बदलायचा असल्यास टेस्ट-सपोर्टमधील तयार डेकोरेटर वापरावेत, कारण ते काम झाल्यावर मूळ स्थिती परत आणतात. हवी ती लोकेल मशीनवर नसेल तर ती टेस्ट वगळली गेली पाहिजे.

सीमेवरच्या तारखांना पर्याय नाही. १९०० आणि २१०० चा २९ फेब्रुवारी नाकारला जावा, २००० चा स्वीकारला जावा. दोन अंकी वर्षात ६८ म्हणजे २०६८ आणि ६९ म्हणजे १९६९ हा पॉझिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मानकाचा दंडक तसाच राहावा. सेकंदाच्या दशांशात एकटा ५ आला तर तो पाच लाख मायक्रोसेकंद होतो, पाच नव्हे. नऊ अंकी दशांश ‘स्ट्रपटाइम’ नाकारते, तर ३.११ नंतरचे ‘फ्रॉमआयएसओफॉरमॅट’ सहा अंकांपुढचे कापून टाकते. दोन्ही वर्तने आपल्या पॅचने बदलू नयेत. १ जानेवारी २०२१ ही आयएसओ आठवड्यांच्या हिशेबात २०२० च्या ५३ व्या आठवड्यातला पाचवा दिवस आहे, पण २०२१ मध्ये ५३ वा आठवडा नाहीच, म्हणून २०२१ चा ५३ वा आठवडा सांगणारा मजकूर नाकारला जायला हवा.

टाइमझोनच्या फरकात उणे चिन्हाची एक टेस्ट अवश्य ठेवावी: -००:३०. तास वेगळे काढून आकड्यात बदलले की उणे शून्य म्हणजे शून्यच होते, चिन्ह हरवते, आणि अर्धा तास मागे जाण्याऐवजी पुढे जातो. तसेच, लिहिलेले परत वाचता येते याची टेस्ट सेकंदांसह घ्यावी. टाइमझोनच्या प्रमाण डेटाबेसमध्ये कोलकात्याचा १८५० मधला स्थानिक फरक +०५:५३:२८ असा आहे. त्या काळची वेळ ‘आयएसओफॉरमॅट’ने लिहून पुन्हा वाचली की तीच वेळ मिळाली पाहिजे.

पॅच पाठवताना

सीपायथनचा कोड २०१७ पासून आणि त्याचे इश्यू २०२२ पासून गिटहबवर आहेत. आपल्या बगचा जुना इश्यू आधीच असण्याची शक्यता दाट असते. तो शोधून त्याचाच क्रमांक पुल रिक्वेस्टच्या शीर्षकात द्यावा. सी-कोड बदलला असेल तर संदर्भगळती, म्हणजे काम संपूनही मोकळी न झालेली ऑब्जेक्ट, शोधणाऱ्या पर्यायासह टेस्ट चालवावी, कारण पार्सिंग अर्ध्यावर फसते त्या वाटेवर तयार झालेली ऑब्जेक्ट मोकळी करायची राहून जाण्याचा संभव असतो. दुरुस्तीबरोबर ‘ब्लर्ब’ या साधनाने बातमीची एक नोंद जोडावी लागते. ती नोंद वापरणाऱ्याच्या बाजूने लिहावी: कोणता मजकूर आधी काय देत होता आणि आता काय देईल. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये काय बदलले हे तिथे कोणी शोधत नाही.

शेवटी आवृत्त्यांचा प्रश्न येतो. चुकीचे उत्तर देणारा किंवा भलतीच एरर फेकणारा कोड सुधारला असेल, तर दुरुस्ती मुख्य ब्रँचवर घेतल्यानंतर चालू देखभालीच्या आवृत्त्यांतही बॅकपोर्ट होते, म्हणजे मागे नेऊन लावली जाते. पूर्वी स्वीकारला जाणारा मजकूर आता नाकारला जाणार असेल, किंवा नवी वॉर्निंग येणार असेल, तर बॅकपोर्ट मागू नये. तो बदल पुढच्या आवृत्तीसाठी ठेवावा आणि ‘काय नवे’ या दस्तऐवजात त्याचा उल्लेख करावा. बॅकपोर्ट बॉटकडून आपोआप तयार होतात, पण जुन्या ब्रँचमधला कोड वेगळा असू शकत असल्याने पॅच तिथे जसाच्या तसा बसेल असे गृहीत धरू नये. तो बसला नाही तर हाताने लावून, त्या ब्रँचवर दोन्ही टेस्ट फाइली पुन्हा चालवूनच पाठवावा.